"काँट्रॅक्ट घेऊ का, ताई?" आयटीतल्या कंत्राटी कामाचा खरा हिशोब

(हा आमच्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मसुदा आहे. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, आकडे पुन्हा तपासले आहेत. बोलण्याचा सूर मात्र तसाच ठेवलाय.)

आजचा भाग एका ईमेलमुळे झाला, त्यामुळे आधी ते पत्रच वाचून दाखवते. नाव, कंपनी सगळं वगळलंय.

"ताई, मी चौतीस वर्षांचा आहे. हिंजवडीत परमनंट आहे, अकरा वर्षांचा अनुभव, जावा बॅकएंड, त्यातली शेवटची पाच वर्षं पेमेंट सिस्टिम्सवर. सीटीसी १९ लाख. वाकडला फ्लॅट आहे, हप्ता ४२ हजार. मुलगी तीन वर्षांची. एका व्हेंडरकडून काँट्रॅक्टची ऑफर आलीय, दिवसाला ९ हजार, नऊ महिन्यांचं काम, पुढे वाढू शकतं म्हणाले. मी गुणाकार केला तर वर्षाचे साडेतेवीस लाख होतात. बायको म्हणते, आहे ते सोडू नकोस. आमच्या कंपनीत पण लोकांना काढतायत, त्यामुळे परमनंट म्हणजे तरी काय परमनंट? काँट्रॅक्ट घेऊ का?"

हे पत्र वाचून मला माझीच सहा वर्षांपूर्वीची आठवण झाली. ती शेवटी सांगते. आधी प्रश्न सोडवू. घेऊ की नको या प्रश्नात खरं म्हणजे तीन प्रश्न दडलेत. हे नक्की कोणत्या प्रकारचं काँट्रॅक्ट आहे? हातात किती पडणार? आणि हे काम संपल्यावर पुढचं मिळेल का?

"काँट्रॅक्ट" म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतात. गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

पहिला प्रकार, थर्ड पार्टी पेरोल. तुम्ही काम करता एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसात, पण पगार देते दुसरीच कंपनी. म्हणजे तुम्ही नोकरदारच आहात, फक्त मालक वेगळा. सॅलरी स्लिप येते, पीएफ कापला जातो, फॉर्म १६ मिळतो. गळ्यातल्या आयडी कार्डाच्या पट्टीचा रंग वेगळा असतो आणि कंपनीच्या वार्षिक पार्टीचं आमंत्रण येत नाही, एवढं दिसणारं अंतर. न दिसणारं अंतर असं, की प्रोजेक्ट संपला की बहुतेक वेळा नोकरीही संपते.

दुसरा प्रकार, काँट्रॅक्ट टू हायर, म्हणजे बोलीभाषेतलं सी टू एच. सहा महिने किंवा वर्षभर व्हेंडरच्या पेरोलवर, मग क्लायंट "घेऊ शकतो". या "शकतो"कडे नीट बघा. ते आश्वासन नाही, शक्यता आहे. इंटरव्ह्यूमध्ये सरळ विचारायचं: मागच्या वर्षी या टीममध्ये किती लोक सी टू एचवर आले आणि त्यातले किती आत घेतले? याचं उत्तर आकड्यात आलं तर ठीक. "परफॉर्मन्सवर आहे सर," असं आलं, तर ते नुसतं काँट्रॅक्ट समजून चाला.

तिसरा प्रकार, स्वतंत्र कन्सल्टंट. इथे तुम्ही नोकरदार नाहीच. तुम्ही एक छोटा धंदा आहात. महिन्याला बिल पाठवता, समोरचा टीडीएस कापून पैसे देतो. पीएफ नाही, रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही. टॅक्सचे नियम पूर्ण वेगळे.

आपल्या श्रोत्याला दिवसाचा रेट सांगितलाय, म्हणजे बहुतेक तिसरा प्रकार. बहुतेक म्हणते, कारण त्याने ते विचारलेलंच नाहीये! दिवसाच्या रेटवर पेरोल देणारेही असतात. म्हणून पहिलं काम: व्हेंडरला एका ओळीचा मेल. "मी तुमच्या पेरोलवर असेन की बिल पाठवेन?" फोनवर नको, मेलवरच.

मधली साखळी

आता हे ९ हजार येतात कुठून? मोठ्या कंपन्या, विशेषतः परदेशी कंपन्यांची इथली स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, त्या सहसा एकेकट्या माणसाशी करार करत नाहीत. नॅसकॉम आणि झिनोव्हच्या २०२४ च्या अहवालात भारतात अशी १,७०० पेक्षा जास्त केंद्रं मोजली होती. पुण्यात खराडी, मगरपट्टा, बाणेर, हिंजवडी, कुठेही जा, पाट्या दिसतील. या कंपन्यांच्या पर्चेस खात्याकडे ठरावीक व्हेंडरची यादी असते. त्या यादीतल्या व्हेंडरकडे माणूस नसला की तो खालच्या लहान व्हेंडरला सांगतो. तो आणखी एखाद्या एजन्सीला. एकाच कामासाठी तुम्हाला एकाच दिवशी चार वेगवेगळ्या लोकांचे फोन येतात ना, त्याचं कारण हेच.

समजा क्लायंट दिवसाला १४ हजार देतोय. वरचा व्हेंडर आपलं काढून ११ हजार पुढे सरकवतो, खालचा आपलं काढून तुम्हाला ९ हजार देतो. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण पद्धत अशीच. यात बेकायदा काही नाही. व्हेंडर पैसे अडकवून ठेवण्याची जोखीम घेतो, कागदपत्रं सांभाळतो. पण साखळीत जितके हात जास्त, तितका तुमचा रेट कमी आणि पैसे यायला उशीर. म्हणून दुसरा प्रश्न: तुमच्यात आणि क्लायंटमध्ये किती जण आहेत? दोनपेक्षा जास्त असतील, तर रेट वाढवून मागायला किंवा दुसऱ्या वाटेने त्याच कामापर्यंत पोचायला जागा आहे.

आणि एक सावधगिरी. आपला सीव्ही एकाच क्लायंटकडे दोन व्हेंडरकडून जाऊ देऊ नका. क्लायंटच्या सिस्टिममध्ये तोच माणूस दोनदा दिसला की पुष्कळ ठिकाणी दोन्ही अर्ज बाजूला पडतात. कुणालाही "पाठवा" म्हणायच्या आधी क्लायंटचं नाव विचारा आणि एका वहीत लिहून ठेवा.

दिवसाचा रेट, वर्षाचा हिशोब

आता गुणाकार. आपल्या मित्राने केला तो असा: वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून शनिवार-रविवारचे १०४ वजा, उरले २६१. गुणिले ९ हजार, म्हणजे २३ लाख ४९ हजार. गणित बरोबर आहे, पण असं वर्ष कुणाचंच नसतं.

सार्वजनिक सुट्ट्या साधारण दहा. त्या दिवशी क्लायंटचं ऑफिस बंद, बिल नाही. उरले २५१. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. ताप येणार, प्लेग्रुपला सुट्टी लागणार, गणपतीत गावी जायचं असणार. पंधरा दिवस रजेचे धरा. उरले २३६. गुणिले ९ हजार, २१ लाख २४ हजार. हे सगळं सुरळीत चाललं तर.

आता काम नऊ महिन्यांचं आहे. वाढलं नाही, तर पुढचं मिळेपर्यंत मध्ये गॅप पडणार. सहा आठवडे धरले, तर कामाचे तीस दिवस गेले. २०६ दिवस, १८ लाख ५४ हजार. म्हणजे नुसता एक छोटा गॅप, आणि साडेतेवीस लाखांचे साडेअठरा झाले. १९ लाखांच्या सीटीसीच्या खाली!

इथे काही जण म्हणतील, मग काँट्रॅक्ट म्हणजे तोटाच. थांबा. अजून टॅक्स यायचाय, आणि तिथे चित्र थोडं उलटतं.

टॅक्स: जिथे फायदा आहे आणि जिथे सापळा आहे

हा भाग फक्त स्वतंत्र कन्सल्टंटसाठी. पेरोलवर असाल तर तुमचा टॅक्स नेहमीच्या नोकरदारासारखाच.

प्राप्तिकर कायद्यात काही व्यावसायिकांसाठी एक सोपी सोय आहे. आपण सगळे तिला ४४एडीए म्हणून ओळखतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, पण सीए अजून जुन्याच नावाने बोलतात. सोय अशी: वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, आणि रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. खर्चाच्या पावत्या, हिशोबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही.

आपल्या मित्राचे २१ लाख २४ हजार. निम्मे १० लाख ६२ हजार. २०२५ च्या बजेटपासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे दुसरं काही मोठं उत्पन्न नसेल, तर प्राप्तिकर शून्य. १९ लाखांच्या सीटीसीवर आज त्याचा साधारण दीड लाखाच्या आसपास कर जात असेल. हा फरक खरा आहे, कुणी नाकारू नये. तुमचं काम या सोयीत बसतं की नाही, ते मात्र करार दाखवून सीएकडून आधी खात्री करून घ्या. सीएची फी ही या धंद्यातली पहिली शहाणी गुंतवणूक.

एक लक्षात ठेवा. टीडीएस तरीही कापला जाणार. व्यावसायिक फी म्हणून कापला तर १० टक्के. महिन्याला १ लाख ८० हजारांचं बिल असेल तर १८ हजार तिथेच थांबतात. ते रिटर्न भरल्यावर परत येतात, पण तोपर्यंत ते तुमच्या खिशात नाहीत. घराचा हप्ता टीडीएसची वाट बघत नाही.

आता सापळा. जीएसटी.

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. दर १८ टक्के. बरेच व्हेंडर तर पहिल्याच दिवशी जीएसटी नंबर मागतात. इथपर्यंत ठीक आहे, कारण हा कर तुम्ही बिलात वेगळा लावता, समोरचा तो तुम्हाला देतो, तुम्ही सरकारला भरता. पण करारात रेटपुढे "सर्व करांसह" असे दोन शब्द असले, तर? मग त्या ९ हजारांतूनच जीएसटी काढायचा. ९,००० भागिले १.१८, म्हणजे ७,६२७. दिवसाला १,३७३ रुपये गेले. २३६ दिवसांचा हिशोब केला, तर २१ लाख २४ हजारांतले तुमचे उरतात बरोब्बर १८ लाख.

दोन शब्द, सव्वातीन लाख रुपये. मंडळी, काँट्रॅक्टमधला सगळ्यात महाग मजकूर हाच आहे. रेट ठरवताना तोंडून नेहमी "अधिक जीएसटी" असंच यायला हवं, आणि कागदावरही.

परदेशातल्या क्लायंटला थेट सेवा देत असाल तर गोष्ट वेगळी. ती निर्यात धरली जाते आणि एलयूटी नावाचं हमीपत्र भरलं की जीएसटी न लावता बिल करता येतं. पण पुण्यातल्या व्हेंडरमार्फत अमेरिकन कंपनीचं काम करताय आणि पैसे पुण्यातूनच येतायत, तर ती तुमची निर्यात नव्हे.

बिल पाठवलं, पैसे कधी?

पगार एक तारखेला येतो. बिल "येतं". कधी ते करारावर. साठ दिवस, नव्वद दिवस, आणि सगळ्यात वाईट म्हणजे "क्लायंटने आम्हाला दिल्यावर". हे शेवटचं वाक्य असलं तर खोडायला सांगा.

तुमच्या बाजूने एक कायदा आहे, तो फार थोड्या जणांना माहीत असतो. २००६ चा एमएसएमई कायदा. तुम्ही एकटे असाल तरी सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम पोर्टलवर नोंदणी करू शकता. ऑनलाइन होते, फुकट होते. कुणी एजंट त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका. नोंदणी असली की लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचं बंधन समोरच्यावर येतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय वेळेत पैसे न दिल्यास ते पैसे देईपर्यंत समोरच्या कंपनीला तो खर्च टॅक्समध्ये वजा करता येत नाही. भांडायला जायची वेळ येऊ नये, पण बिलावर उद्यम नंबर छापलेला असला की अकाउंट्सवाले तुमचा कागद थोडा वरच्या गठ्ठ्यात ठेवतात. हा माझा अनुभव.

मागणी कशाला आहे? तारीख शोधा

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "ताई, कुठलं स्किल शिकू? एआय करू की क्लाउड?"

मी याकडे जरा वेगळ्या बाजूने बघते. कंपनी परमनंट माणूस घेते तो रोजच्या कामासाठी. काँट्रॅक्टर घेते तो एखादं काम एका तारखेच्या आत उरकायचंय आणि नंतर तो माणूस पोसायचा नाहीये, म्हणून. थोडक्यात, काँट्रॅक्टचा बाजार तारखांवर चालतो.

आठवून बघा. वायटूके. ३१ डिसेंबर १९९९ ही तारीख नसती, तर आपल्याकडच्या हजारो मुलांना कोबोल शिकून अमेरिकेत जायची संधी मिळालीच नसती. मग १ जुलै २०१७, जीएसटी. प्रत्येक दुकानाचं, प्रत्येक कारखान्याचं बिलिंग सॉफ्टवेअर बदलायचं होतं. २०२२ चा सप्टेंबर, रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना ग्राहकांचे कार्ड नंबर साठवायला बंदी केली, टोकनायझेशन आलं, पेमेंटवाल्यांना दिवसरात्र काम. दरवेळी आधी तारीख आली, मग मागणी आली, मग रेट वाढला. आणि तारीख उलटली की रेट खाली.

मग पुढच्या तारखा कुठल्या?

एक, एसएपी. जुन्या ईसीसी सिस्टिमचा नेहमीचा सपोर्ट २०२७ च्या अखेरीस संपतोय. जास्त पैसे भरून तो २०३० पर्यंत वाढवता येतो, पण शेवट ठरलेला आहे. चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यातले कितीतरी कारखाने एसएपीवर चालतात. त्यांना एस/४ हानावर जायचंय. इथे कोडिंगपेक्षाही प्रॉडक्शन प्लॅनिंग, मटेरियल्स, फायनान्स यातलं ज्याला कळतं त्याला जास्त भाव.

दोन, डेटा संरक्षण. डीपीडीपी कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिने दिलेत. म्हणजे मे २०२७. दंड २५० कोटींपर्यंत. ग्राहकाची माहिती कुठल्या कुठल्या टेबलमध्ये पडलीय ते शोधायचं, संमतीची नोंद ठेवायची, मागितल्यावर माहिती पुसायची. हे वकिलाचं काम वाटतं, पण निम्मंअधिक डेटाबेसवाल्याचं आहे.

तीन, सुरक्षा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. सहा तासांत कळवायचं म्हणजे आधी हल्ला झालाय हे कळायला हवं! त्यासाठी लॉग वाचणारी, अलर्ट लावणारी माणसं लागतात.

चार, क्लाउड. इथे एकच तारीख नाही, पण जुनी व्हर्जन्स सतत संपत असतात. सेंटओएस ७ जून २०२४ ला संपलं, विंडोज १० ऑक्टोबर २०२५ ला. प्रत्येक वेळी हलवाहलव. शिवाय क्लाउडचं बिल हाताबाहेर गेलं की ते कमी करणाऱ्याला बोलावतात. बिलात वाचवलेला आकडा दाखवता येणारा काँट्रॅक्टर कधी रिकामा बसलेला मी पाहिला नाही.

आणि एआय? "एआय येतं" एवढ्यावर मिळणारी कामं आता सरत चाललीत. कंपनीला हवंय ते असं: आमच्या कागदपत्रांवर चालणारं काहीतरी बांधा, ते चुकलं तर कळेल अशी तपासणी बसवा, आणि खर्च सांगा. त्याच्या मुळाशी पुन्हा डेटाच. अस्ताव्यस्त डेटा नीट करणारे डेटा इंजिनिअर, म्हणजे पायथन, स्पार्क आणि आपलं जुनं एसक्यूएल. माझं मत सांगते. एका साच्याची कामं, हाताने केलेलं टेस्टिंग, पहिल्या पायरीचा सपोर्ट, नुसते फॉर्म आणि स्क्रीन बनवणं, यांचे रेट दबणार. कारण ते काम आता टूल अर्ध्या वेळात करतं. पण टूलने लिहिलेलं बरोबर आहे का, हे सांगणाऱ्याला त्या क्षेत्राची माहिती लागते. आपल्या मित्राकडे जावा आहे, ते लाखो लोकांकडे आहे. पण पाच वर्षं पेमेंट सिस्टिम्स आहे, रात्री बारा वाजता पैसे कापले गेले आणि पोचले नाहीत तर कुठे बघायचं हे त्याला कळतं. सीव्हीत पहिल्या ओळीत हे हवं, जावा दुसऱ्या ओळीत.

फसवणूक ओळखा

बाजार मंदावला की हे प्रकार वाढतात, म्हणून सांगते. कुणी "एवढे लाख भरा, अनुभवाचा दाखला आणि नोकरी दोन्ही देतो" म्हणालं, तर फोन ठेवा. खोटा अनुभव पीएफच्या नोंदींवरून पकडला जातो, कारण यूएएनमध्ये तुमचा सगळा इतिहास दिसतो. दुसऱ्याने तुमच्या जागी इंटरव्ह्यू द्यायचा, हेही तसंच. पकडलं तर काम जातंच, वर पोलीस केस होऊ शकते. खरा व्हेंडर क्लायंटकडून पैसे घेतो, उमेदवाराकडून नाही. हा एकच नियम पुरतो.

आणि करारात "काम संपल्यावर दोन वर्षं या क्षेत्रात काम करणार नाही" असं काही दिसलं तर फार घाबरू नका. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे धंदा करण्यापासून रोखणारा असा करार सहसा टिकत नाही. पण त्याच क्लायंटकडे थेट जायचं असेल तर मात्र वकिलाला दाखवा, तिथे बाकीच्या अटी अडकवू शकतात.

माझी गोष्ट

मी टेस्टिंगमधली. थर्ड पार्टी पेरोलवर होते. २०२० चा मे महिना, लॉकडाऊन. गुरुवारी दुपारी मेल आला, परदेशी क्लायंटने प्रोजेक्ट थांबवलाय, शुक्रवार शेवटचा दिवस. पैशाची थोडी तयारी होती. पण तीन आठवड्यांनी आईला पित्ताशयाच्या खड्यांचा त्रास झाला, ऑपरेशन करावं लागलं. हॉस्पिटलच्या काउंटरवर मी रुबाबात ग्रुप इन्शुरन्सचं कार्ड दिलं. ती मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाली, "मॅडम, ही पॉलिसी बंद दाखवतेय." नोकरीच्या शेवटच्या दिवशीच कव्हर संपलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. आणि तेव्हा नवीन पॉलिसी घेऊन उपयोग नव्हता, अशा आजारांना वेटिंग पिरियड असतो.

ऑपरेशन झालं, आई ठणठणीत आहे, मी सोनं गहाण टाकून पैसे भरले. दीड वर्षाने ते सोडवलं. तेव्हापासून माझा नियम आहे: कंपनीचा विमा ही भेट समजायची, आधार नाही. परमनंट नोकरी चालू असतानाच, वेटिंग पिरियडचं घड्याळ सुरू करून देण्यासाठी, घराची वेगळी पॉलिसी काढायची. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोयही असते, पण ती बाहेर पडायच्या आधी विचारावी लागते.

तर घ्यायचं की नाही?

दादा, तुम्हाला सरळ सांगते. मी "घ्या" म्हणेन, पण चार गोष्टी आधी झाल्या तर. रेट "अधिक जीएसटी" लेखी. पैसे ४५ दिवसांत, लेखी. नोटीस दोन्हीकडून सारखी, म्हणजे तुम्हाला साठ दिवस आणि त्यांना सात, असं नको. आणि घरखर्च अधिक हप्ता असे सहा महिन्यांचे पैसे बँकेत, मोडायला सोप्या एफडीत. हप्ताच ४२ हजार आहे, म्हणजे नुसत्या हप्त्याचे अडीच लाख. आणि हो, दुसरं घर किंवा टॉप-अप लोन मनात असेल तर ते आधी. स्वतंत्र झालात की बहुतेक बँका दोन-तीन वर्षांची रिटर्न्स बघितल्याशिवाय बोलत नाहीत.

वहिनी चुकीचं बोलत नाहीयेत आणि तुम्हीही. टीसीएससारख्या कंपनीने २०२५ च्या जुलैत साधारण १२ हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा परमनंट या शब्दाला तडा गेलाच. पण त्यावर उपाय म्हणून तयारीशिवाय उडी मारायची नाही. दोघांनी बसून वरचा २०६ दिवसांचा हिशोब करा. त्या आकड्यात घर चालत असेल, तर निर्णय घाबरून घेतलेला नसेल.

रेकॉर्डिंगच्या आधी मी त्यांना हे प्रश्न मेलवर पाठवले होते. काल उत्तर आलं. रेट खरोखरच "सर्व करांसह" निघाला. त्यांनी मागे लागून ८,६०० अधिक जीएसटी करून घेतला. दिसायला चारशे रुपये कमी, प्रत्यक्षात ९७३ रुपये जास्त. नोटीसवर अजून बोलणं चालू आहे. सही केलेली नाही. वहिनींनी आरोग्य विम्याचे तीन कोटेशन मागवलेत, हे मात्र वाचून फार बरं वाटलं.

तुमच्याकडे काँट्रॅक्टचा कागद आला असेल आणि एखादी ओळ कळत नसेल, तर नावं खोडून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्याच काही ओळी घेऊन बसू. तोपर्यंत टाइमशीट वेळेवर भरा. भेटू.